पांढुर्ण्याचा टायर सौसरला

नागपूर सोडलं तेव्हा गाडीत पाच माणसांची जागा होती आणि माणूस एकच होतं. मी.

खरं तर चौघे जाणार होतो. पत्रकावर तसं छापलंही होतं, "चार तरुण, एक विजेची गाडी, धुराला ठाम नकार!" पत्रक माझंच, उद्गारचिन्हही माझंच. मग एकाला ताप आला, एकीच्या घरी पाहुणे आले आणि तिसऱ्याने कारण द्यायचीही तसदी घेतली नाही, फोनवर नुसते जोडलेले हात पाठवले. त्यांच्या जागी मागच्या सीटवर पत्रकांचे गठ्ठे ठेवले. वळणावर ते सरकायचे आणि आवाज करायचे. तेवढीच सोबत.

जायचं होतं मुलताईला. नागपूर-बैतूल रस्त्यावर, पांढुर्ण्याच्या पुढे तासाभरावर. तिथे सुनंदाताई अंगणवाडीत काम करतात. त्यांनी वस्तीतल्या दहा-बारा बायका जमवल्या होत्या. त्यांना ई-रिक्षा चालवायला शिकायचं होतं आणि घरच्यांचं म्हणणं एकच होतं, बाई एकटी गाडी चालवत एवढ्या लांब जाते हे आधी दाखवा, मग बघू. सुनंदाताईंनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता. बुधवारी दुपारी चारला नागपूरहून एक पोरगी स्वतः विजेची गाडी चालवत येईल आणि प्रत्येकीच्या हातात स्टिअरिंग देईल. बुधवार निवडला, कारण तो त्यांच्याकडे बाजाराचा दिवस आणि बायकांना घराबाहेर पडायला तेवढंच निमित्त.

बाकीचे तिघे गळाले हे मी त्यांना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंच झालं ताई. अकेल्याच या. त्याचाच फायदा."

मी सांगली जिल्ह्यातली. नागपुरात संघटनेच्या कामाला येऊन दोन वर्षं झाली, पण नागपूरच्या वर कधी गेले नव्हते. सावनेर गेलं, केळवद गेलं. मध्य प्रदेश लागतो तो पाटीवर. माणसांच्या बोलण्यात लागत नाही आणि शेतातही लागत नाही. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तोच फुटलेला कापूस, त्याच संत्र्याच्या बागा. नोव्हेंबरचं कोवळं ऊन होतं. लांबवर सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली तेव्हा कोणालातरी "ते बघ" म्हणावंसं वाटलं. गाडीचा आवाज होत नाही हे मी सभांमध्ये कौतुकाने सांगते. त्या दिवशी त्या शांततेचा जरा राग आला.

पांढुर्णा दिसायला लागलं आणि समोरून कापसाने डोंगराएवढी लादलेली एक ट्रॉली रस्त्याच्या मधोमध आली. मी डावीकडे घेतली. डावीकडे नाली होती, नालीवरचा काँक्रीटचा ढापा फुटलेला होता आणि त्यातून एक सळई बाहेर आली होती. ढापा ज्यांनी बसवला त्यांच्याबद्दल मला एक वेगळं पत्रक लिहायचं आहे. आधी फस्स झालं, मग गाडी डाव्या अंगाला बसली.

उतरले. डिकी उघडली. स्टेपनी नाही, जॅक नाही, पाना नाही! एक हवा भरायचं छोटं यंत्र आणि पांढऱ्या औषधाची एक बाटली. विजेच्या गाडीत बॅटरी वजन आणि जागा दोन्ही खाते, म्हणून कंपनीने स्टेपनीच काढून टाकली आणि त्या बाटलीला "आधुनिक सोय" असं नाव दिलं. मी ती आधुनिक सोय टायरमध्ये ओतली. टायरच्या बाजूला बोटभर चीर होती. सगळं औषध त्यातून दह्यासारखं बाहेर आलं आणि माझ्या चपलेवर पडलं. कंपनीच्या मदत क्रमांकावर एका मुलीने फार गोड आवाजात हिंदीतून सांगितलं की गाडी उचलणारं वाहन नागपूरहून उद्या येईल, तोपर्यंत मी सुरक्षित अंतरावर उभं राहावं. कशापासून सुरक्षित, ते तिलाही माहीत नव्हतं.

"ओ ताई! फाटला का?"

रस्त्यापलीकडे टायरचं दुकान होतं. दारात ट्रॅक्टरचे टायर रचलेले आणि त्यातल्या एकावर बसून एक पन्नाशीचा माणूस माझी गंमत बघत होता. हे गजाननभाऊ. अख्खा दिवस मी त्यांच्यावर चिडले, म्हणून आधीच सांगते, माणूस वाईट नव्हता.

ते चाकाशी उकिडवे बसले. "ह्याले पंचर नाही म्हणत. ह्याले फाटला म्हणते. खालून खिळा घुसला असता तं दोन मिंटाचं काम होतं. हे कुशीत चिरलं. कुशीत टाका नाही लागत, ताई. नवाच पायजे."

"तुमच्याकडे आहे?"

"ट्रॅक्टरचा हाय. ट्रकचा हाय. बैलगाडीचा म्हणान तं तोही हाय. ह्या साइजचा नाही." मग त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. मागच्या सीटवरही पाहिलं. "अकेल्याच का?"

"हो. का?"

"नाही, सहज इचारलं."

सहज कोणी विचारत नाही. बाईमाणूस एकटी दिसली की हा प्रश्न हवेत असतोच, कोणीतरी तो नुसता बोलून दाखवतं. पुढच्या तासाभरात तो मला चहावाल्याने विचारला, बियाणांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारला आणि सायकल थांबवून एका गृहस्थाने विचारला, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. प्रत्येकाला मी एकेक पत्रक दिलं.

गजाननभाऊंनी जॅक आणला आणि तो सवयीने गाडीच्या पोटाखाली मधोमध सरकवला. मी ओरडलेच.

"तिथे नाही! तिथे बॅटरी आहे!"

ते टुणकन मागे उडाले. त्यांच्याबरोबर बघे दोन पावलं मागे सरकले. एक जण म्हणाला, "रबरी चप्पल घालून या रे कोणी." दुसरा म्हणाला, "गजू, तू हात लाव, आमी काठीनं सोडवतो तुले."

"करंट तं नाही न मारत?" गजाननभाऊंनी मला विचारलं. आवाज अगदी खाली आणला होता.

मी कडेची खूण दाखवली, तिथे जॅक लावला तर काही होत नाही म्हणून सांगितलं आणि स्वतः गाडीला हात लावून उभी राहिले. तेव्हा कुठे चाक निघालं. गाडीखाली लाकडी ठोकळा दिला. तीन चाकांवर उभी असलेली ती पांढरी गाडी मला एकदम फार केविलवाणी वाटली. जगाला वाचवायला निघाली होती.

गजाननभाऊंनी नागपूरच्या एका टायरवाल्याला फोन लावला. मी साइज सांगितली, टायर किती वजन पेलतो तो आकडा सांगितला, दोनदा वदवून घेतला. पुढचा पत्ता गजाननभाऊंनी सांगितला.

"बसवर टाकून राहिला," फोन ठेवून ते म्हणाले. "आमच्याकडे सारं बसनंच येते. नवरीचा शालू येते, डॉक्टरच्या सलाइनच्या बाटल्या येते, मागं एकाचा पाळलेला पोपट आला. आपण फक्त गाडी आली का उभं राहाचं आन् हाक माराची. कंडक्टर वरतून टाकते."

"पावती वगैरे?"

"कायची पावती? माणूस उभा असते न."

दुपारपर्यंत टायर, मग अर्ध्या तासात चाक, मग तासाभरात मुलताई. चारच्या आधी पोचते. सुनंदाताईंना तसं कळवलं. "जय भीम ताई, या आरामात," त्या म्हणाल्या, "बायका साड्या काढून बसल्या आहेत सकाळपासून. एकीनं तं सासूले सांगतलं का मी आज मोटर चालवून राहिली म्हणून."

वाट पाहायची होती म्हणून गावात हिंडले. पांढुर्णा आता जिल्ह्याचं गाव आहे. नव्या पाट्यांवर ते जरा जास्तच मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसतं. संत्र्याच्या बाजारात पेट्या भरणं चाललं होतं. खाली गवत, वर संत्री, पुन्हा गवत, आणि भरणाऱ्यांचे हात न बघता चालत होते. वास असा की डोळे मिटून उभं राहावं. एका मुकादमाने फोडून दिलेलं संत्रं मी एका ट्रकच्या सावलीत उभं राहून खाल्लं. ट्रक चालू होता. धूर थेट संत्र्यावर येत होता. बंद करा म्हटलं तर ड्रायव्हर म्हणाला, "बंद केला तं मंग तुम्हीच धक्का देजा." देणारं कोणी नव्हतं, मीही नव्हते.

जाम नदीच्या पुलापर्यंत गेले. पलीकडे सावरगाव. नदीत पाणी थोडं आणि दगड भरपूर. परतल्यावर हे दगडांचं मी बोलून बसले तर गजाननभाऊंचा चेहरा उतरला.

"तुमी लिहिता का काही?"

"लिहिते."

"मंग एक काम करा. गोटमारीचं नका लिहू. बाहेरचा माणूस येते, त्याले दगडच दिसते. वर्षाचा एक दिवस असते तो. बाकीच्या दिवशी आमी टायर बदलतो, संत्रा भरतो, त्याचं कोणी लिहित नाही."

(गोटमार म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून होणारी दगडफेक. तिच्याबद्दल माझं मत काय असेल ते वाचकांना सांगायला नको. पण शब्द दिला आहे, म्हणून इथेच थांबते.)

नागपूरची बस आली. आम्ही दोघं स्टँडवर उभे. गजाननभाऊंनी हाक मारली, कंडक्टरने वर पाहिलं, खाली पाहिलं. "टायर? नाही बा." दुसरी बस आली. तिच्या टपावर कोंबड्यांची खुराडी होती, सिमेंटचा पाइप होता, टायर नव्हता. गजाननभाऊंनी फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर मोठा केला, त्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला.

"कधीचा टाकला राजा," नागपूरवाला म्हणाला. "छिंदवाड्याच्या गाडीत."

"छिंदवाड्याच्या काहून? पांढुर्णा सांगतलं न तुले!"

"तुम्हीच सांगतलं, पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा. माझ्याजवळ पोरगं नवीन आहे. त्यानं जिल्हा पायला."

इथे बाहेरच्या वाचकांसाठी भूगोल. पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके आधी छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. पण नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी बस सावनेरहून फुटते आणि लोधीखेडा, सौसर करत वर जाते. ती पांढुर्ण्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. माझा टायर त्या बसमध्ये बसून आरामात भलत्याच रस्त्याने चालला होता.

दुकानात गजाननभाऊंच्या पत्नी, विमलबाई, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबा ठेवला आणि कमरेवर हात दिले.

"जिल्हा झाला तवा चौकात सगळ्यात मोठी फटाक्याची लड कोणं लावली? ह्याच माणसानं. पेढे कोणं वाटले? ह्याच माणसानं. आन् तोंडातून छिंदवाडा काही निंघत नाही."

"जलमापासून तेच सांगत आलो न वो. जिभेले कोण सांगते का आता नको म्हणू?"

"मी सांगून राहिली न. ह्या पोरीचा दिवस गेला तुमच्या जिभेपायी."

मी बोलले असते तर फार बोलले असते. चळवळीत आम्हाला शिकवलेलं असतं की चूक व्यवस्थेची असते, माणसाची नसते. पण व्यवस्था त्या क्षणी पांढरी बनियन घालून समोर डोकं खाजवत उभी होती.

गजाननभाऊंनी मग फोनवर फोन केले. याचा साडू त्या स्टँडवर, त्याच्या ओळखीचा तो कंडक्टर. शेवटी कळलं की सौसरच्या स्टँडवर टायर उतरवला आहे आणि तिथल्या एका संत्रेवालीजवळ ठेवला आहे. ते स्वतः निघाले होते, पण दारात एक ट्रॅक्टर उभा होता, त्याचं चाक आधीच उघडलेलं. मी म्हटलं, मीच जाते. समोर सौसरची बस उभी होती.

"काहीतरी खाऊन तं जा," विमलबाईंनी भाकरीवर चून (आमच्याकडचं पिठलं) आणि ठेचा घालून हातातच दिला. भाकरीखाली तेल लागू नये म्हणून कागद होता. कागद माझंच पत्रक होतं. "धुराला ठाम" एवढं दिसत होतं, नकार चुनाखाली गेला होता.

बसमध्ये जामसावळीच्या हनुमानाला निघालेल्या बायका होत्या, नारळ घेऊन. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही बी जामसावळीले?"

"नाही. टायर आणायला."

"टायर?" त्यांनी मागच्या सीटवर ती बातमी पाठवली. मागची हसली, तिच्या मागची हसली. "माणूस कुठी आहे तुमचा? तो नाही आणत?"

"माणूस नाही."

"अवो, मंग टायर कोणाचा?"

"माझा. गाडी माझी, टायर माझा." खरं तर गाडी संघटनेची होती, पण तिथे तपशिलात शिरण्यात अर्थ नव्हता.  बाईंनी पिशवीतून चिवड्याचा पुडा काढला, माझ्या ओंजळीत भरभरून ओतला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. दया होती की मान, मला ओळखता आलं नाही. जामसावळीच्या फाट्याला त्या सगळ्या उतरल्या आणि बस एकदम मोकळी झाली. पुढे सौसरपर्यंत मी, ड्रायव्हर, कंडक्टर आणि झोपलेला एक म्हातारा. दोन्ही बाजूंना बागा, झाडांवर पिवळं व्हायला लागलेलं फळ, कापूस वेचणाऱ्यांच्या वाकलेल्या पाठींचे ठिपके. खिडकीत डोकं टेकवलं आणि फोन काढला. संघटनेच्या गटावर सकाळी मी फाटलेल्या टायरचा फोटो टाकला होता. तिघांनीही पाहिला होता. एकाने अंगठा दाखवला होता.

सौसरच्या स्टँडवर टायर लांबूनच दिसला. तो आडवा ठेवला होता, वर टोपली होती, टोपलीत संत्र्यांचा ढीग आणि मागे एक जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई. दुकान चांगलं सजलं होतं. मी माझा टायर मागितला.

"तुमचाच कशावरून?" तिने विचारलं.

मी साइज सांगितली, वजनाचा आकडा सांगितला. "बघा, त्याच्यावरच लिहिलंय."

"मले आकडे नको सांगू. बाजारात आकडे समदेच सांगते. कोणाच्या नावानं आला ते सांग."

"गजाननभाऊ. पांढुर्णा."

"बायकोचं नाव?"

"विमलबाई."

"हाव, मंग तुझाच." तिने टोपली उचलली, त्यातली संत्री जराही हलली नाहीत. "दुपारपासून उंच बसायले मिळालं होतं माह्या मालाले. गिऱ्हाइकाले लांबून दिसत होतं. आणखी घंटाभर नाही थांबत?"

"चारला मुलताईला पोचायचं आहे."

तिने स्टँडच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यातलं एक संत्रं माझ्या पिशवीत टाकलं. घड्याळ मीही पाहिलं होतं.

पांढुर्ण्याची बस लवकर सुटली नाही. ड्रायव्हर जेवत होता. मी टायर आत घेतला आणि शेजारच्या सीटवर खिडकीला टेकवून ठेवला. वाटेत एक गृहस्थ चढले. त्यांनी टायरकडे बोट केलं. "ह्याले उठवा न, बसू द्या." मी टायर मांडीवर घेतला. नव्या रबराचा वास नाकात आणि काळं दोन्ही हातांना. सुनंदाताईंचा फोन येत होता. "निघाल्या का?" अजून नाही. पुन्हा फोन. "बायका आल्या ताई. सतरंजी टाकली." मी येतेच आहे म्हटलं. पुन्हा फोन. "दोघीजणीचे नवरे पण आले पाहाले. कुठपर्यंत आल्या?" मी सौसर-पांढुर्णा रस्त्यावर एका बागेसमोर होते आणि बस बकऱ्यांसाठी थांबली होती. मग फोन यायचे थांबले. ते थांबलेले फोन मला जास्त ऐकू आले.

पांढुर्ण्याला पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. गजाननभाऊ दुकानासमोर येरझाऱ्या घालत होते. त्यांनी माझ्या हातून टायर जवळजवळ ओढूनच घेतला. लोखंडी दांड्याने जुना काढला, नवा चढवला, हवा भरली आणि या वेळी जॅक बरोबर खुणेवर लावून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कोणी चेष्टा केली नाही. चाक बसलं. मी गाडीत बसून सुनंदाताईंना फोन लावला.

"झालं, ताई! निघते. तासाभरात..."

"नका येऊ," त्या म्हणाल्या.

रागाने नाही म्हणाल्या. राग असता तर मला जमलं असतं, रागाशी माझी ओळख आहे. थकलेला आवाज होता.

"गेल्या त्या. अंधाराच्या आत घरी जायचं असते त्याहिले. थांबल्या बिचाऱ्या, लय थांबल्या. मंग ते नवरे हसले. एक जण म्हणे, सुनंदाबाई, तुमची ती नागपूरची पोरगी आहे तरी का, का पत्रकातच आहे? मले खोटं पाडलं ताई. आता उद्या मी ह्याहिले कोण्या तोंडानं बोलवू?"

मी टायरचं सांगू लागले. जिल्ह्याचं, बसचं, सौसरचं. सांगताना मलाच ते बनवून सांगितल्यासारखं वाटायला लागलं. सुनंदाताईंनी ऐकून घेतलं.

"फोटो आहे?"

"कशाचा?"

"तुमचा. गाडीचा. फाटलेल्या टायरचा. मी घरोघरी जाऊन दाखवतो आज. म्हणतो, ही पाहा, निघाली होती, इथपर्यंत आली होती. बाकी काही नको."

दिवसभरात मी नालीचा फोटो काढला होता, ढाप्याचा, सळईचा, टायरच्या चिरेचा. माझा एकही नव्हता. काढणारं कोण होतं?

मी गजाननभाऊंना फोन दिला. फाटलेला टायर गाडीला टेकवून उभा केला आणि त्याच्या बाजूला उभी राहिले. फोटो म्हटल्यावर चहावाला आला, बियाणांच्या दुकानातला म्हातारा टोपी नीट करत आला, ट्रॅक्टरवाला आला. विमलबाई पदर सारखा करून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी शेजारी उभं होतं. तो हात गरम होता.

"मला एकटीचा पाहिजे," मी म्हटलं.

विमलबाईंचा हात तसाच राहिला. "काहून वो? आमचं काही चुकलं का?"

"नाही. तिकडच्या बायकांना दाखवायचा आहे. एकटी आले होते ते दिसायला हवं."

त्यांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनीच सगळ्यांना हाकललं. "चला, सरका! सरका न वो! पोरीले अकेली राहू द्या." म्हाताऱ्याला त्यांनी दंडाला धरून बाजूला नेलं. सगळे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले, ओळीने, आणि तिकडून माझ्याकडे पाहत राहिले. मधल्या मोकळ्या रस्त्यावर गजाननभाऊ फोन धरून मागे मागे गेले. "हसा न थोडं," ते म्हणाले. मला जमलं नाही.

फोटो पाठवला. गजाननभाऊ मजुरी घ्यायला तयार नव्हते. विमलबाईंनी त्यांना घ्यायला लावली, म्हणाल्या, हिशोब झाला म्हणजे पोरगी परत यायले मोकळी. मुलताईच्या दिशेचा रस्ता समोर होता. मी गाडी नागपूरकडे वळवली.

नागपूरला पोचून गाडी संघटनेच्या अंगणात लावली, चार्जिंगला जोडली आणि त्या फोटोकडे नीट पाहिलं. हात काळे, चपलेवर वाळलेलं पांढरं औषध, कपाळावर आठ्या आणि आजूबाजूला कोणीही नाही. आमच्या पत्रकांवर आम्ही नेहमी हसरे, मुठी वळलेले, खांद्याला खांदा लावलेले असतो. या बाईला पत्रकावर कोणी घेतलं नसतं. मीही नसतं घेतलं.

दोन दिवसांनी सुनंदाताईंचा निरोप आला. आवाज त्यांचाच, मागे दोन-तीन बायकांचं बोलणं.

"दाखवला ताई, साऱ्या घरी. नवरे लोक म्हणे, फोटोत काय, कोणाचाही काढता येते. तं ती सासूवाली आहे न, ती म्हणाली, खोटी असती तं हसली असती. ही हसली नाही, म्हणजे खरंच टायर फाटला होता." मागून कोणीतरी काहीतरी म्हणालं, हसू आलं. "तर आता पुढचा बुधवार म्हणून राहिल्या. पण एक अट आहे त्याहिची. आधीच्यासारख्या अकेल्याच या."

हो म्हणून कळवलं आहे. मागच्या सीटवर या वेळी पत्रकं नाहीत, स्टेपनी आहे. सीटचा पट्टा लावून बसवली आहे.